परिसेविकेचे नेतृत्व, परिचारिकांचे समाधान

रुग्णालयाच्या वॉर्डात महिनाअखेरीस एका कागदाची सर्वांनाच प्रतीक्षा असते. हा कागद पगारपत्रकाचा नसतो, तर ड्युटी लिस्टचा असतो. पुढील महिन्यात कोणाला सकाळपाळी, कोणाला दुपारपाळी, सलग किती रात्रपाळ्या आणि साप्ताहिक सुट्टी नेमकी कोणत्या वारी, हे सारे त्यावर ठरलेले असते. मुलीची दहावीची परीक्षा, सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, गणपतीचे पहिले दोन दिवस, भावाचे लग्न यांतले काय साधणार आणि काय हुकणार, याचा निकाल हा कागद देतो. तो तयार करते वॉर्डाची इनचार्ज सिस्टर, म्हणजे शासकीय परिभाषेतील 'परिसेविका'. तिला कोणाचे वेतन वाढविता येत नाही, रिक्त पदे भरता येत नाहीत, कंत्राटी परिचारिकेला कायम करता येत नाही. तरीही तिच्या हाताखालील परिचारिकांना आपली नोकरी सुसह्य वाटते की नकोशी, हे बऱ्याच अंशी तिच्या वागण्यावर अवलंबून असते, असे गेल्या चार दशकांतील संशोधनाने वारंवार दाखविले आहे.

महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत परिचर्या सेवेची उतरंड ठरलेली आहे. सर्वांत खाली, प्रत्यक्ष रुग्णाच्या खाटेपाशी, अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स. तिच्यावर वॉर्डाची परिसेविका, त्यावर सहायक अधिसेविका आणि शिखरावर अधिसेविका, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'मेट्रन'. खासगी रुग्णालयांनी याच पदांना नर्सिंग सुपरवायझर, नर्स मॅनेजर, नर्सिंग डायरेक्टर अशी नावे दिली असली तरी कामाचे स्वरूप फारसे निराळे नाही. आंतरराष्ट्रीय अभ्यासांत 'नर्स मॅनेजर' हा शब्द येतो तेव्हा बहुधा परिसेविकेच्याच पातळीवरील अधिकारी अभिप्रेत असते. अधिसेविकेचे दर्शन आठवड्यातून एखाद्या फेरीपुरते घडते. परिसेविका रोज समोर असते. परिचारिकेच्या लेखी रुग्णालयाचे प्रशासन म्हणजे तीच.

नोकरीतील समाधान म्हणजे नेमके काय, याविषयी मानसशास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेला सिद्धांत आजही आधाराला घेतला जातो. माणसाला असमाधानी करणाऱ्या गोष्टी आणि समाधान देणाऱ्या गोष्टी या एकाच मापाची दोन टोके नसून वेगवेगळ्या असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. वेतन, कामाची परिस्थिती, संस्थेचे धोरण, वरिष्ठांची देखरेख यांत कमतरता असली की माणूस नाराज होतो. पण त्या पुरेशा असल्या म्हणून तो आनंदी होतोच असे नाही. आनंद मिळतो तो काम नीट पार पडल्याने, त्याची दखल घेतली गेल्याने, जबाबदारी आणि पुढे जाण्याची संधी मिळाल्याने. हर्झबर्ग यांनी अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. परिचारिकांसाठी पुढे स्वतंत्र मोजपट्ट्या तयार झाल्या. त्यांपैकी पॉला स्टँप्स यांची बहुचर्चित मोजपट्टी वेतन, स्वायत्तता, कामाचा बोजा, संस्थेची धोरणे, सहकाऱ्यांशी संबंध आणि व्यवसायाची प्रतिष्ठा असे सहा घटक तपासते. यांतील वेतन सोडल्यास उरलेल्या पाचही घटकांपर्यंत परिसेविकेचा हात या ना त्या प्रकारे पोहोचतो.

लोहचुंबकासारखी रुग्णालये

या विषयाकडे गांभीर्याने पाहिले गेले ते अमेरिकेत, आणि तेही टंचाईमुळे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथील रुग्णालयांना परिचारिका मिळेनाशा झाल्या होत्या. मात्र याच काळात काही रुग्णालयांत परिचारिका येत होत्या आणि टिकूनही राहत होत्या. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंग या संस्थेने मार्गारेट मॅक्लुअर व त्यांच्या तीन सहकारी अभ्यासकांकडे याचा छडा लावण्याचे काम सोपविले. नामनिर्देशित झालेल्या दीडशेहून अधिक रुग्णालयांतून ४१ निवडली गेली आणि १९८३ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. परिचारिकांना आपल्याकडे खेचून धरणारी म्हणून त्यांना 'मॅग्नेट', म्हणजे लोहचुंबक, हे नाव पडले. या रुग्णालयांत आढळलेल्या समान गोष्टींत चकित करणारे काही नव्हते. परिचर्या प्रमुख वॉर्डात दिसत असत, त्यांना भेटणे सोपे होते, निर्णय घेताना खालच्या परिचारिकांना विचारले जाई, पाळ्या ठरविताना लवचिकता असे आणि परिचारिकेच्या व्यावसायिक निर्णयाला मान होता. पुढे १९९० मध्ये यातूनच मानांकनाची योजना आकाराला आली आणि १९९४ मध्ये सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे रुग्णालय पहिले मानांकित रुग्णालय ठरले.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णालयांपैकी ३९ रुग्णालयांची तुलना तशाच प्रकारच्या १९५ इतर रुग्णालयांशी केली. वृद्ध रुग्णांमधील मृत्यूंचे प्रमाण मॅग्नेट रुग्णालयांत हजारामागे ०.९ ते ९.४ इतके कमी आढळले. हा फरक एकट्या नेतृत्वामुळे पडला असे म्हणता येत नाही, आणि संशोधकांनीही तसे म्हटलेले नाही. परंतु परिचारिका जेथे समाधानी असतात तेथे रुग्णही अधिक सुरक्षित असतो, ही शक्यता प्रथमच आकड्यांनिशी समोर आली. परिचारिकांचे समाधान हा केवळ त्यांच्या संघटनेने मांडायचा प्रश्न राहिला नाही.

एकन यांच्याच विद्यापीठातील आयलीन लेक यांनी २००२ मध्ये परिचारिकांच्या कामाच्या वातावरणाची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. एकूण ३१ विधाने आणि त्यांचे पाच गट अशी तिची रचना आहे. जगातील अनेक देशांत ती वापरली जाते. तिचा एक संपूर्ण गट परिसेविकेच्या नेतृत्वाविषयी असून त्यात अवघी पाच विधाने आहेत. वरिष्ठ परिचारिकांना आधार देतात का, चुकांचा उपयोग टीकेसाठी न करता शिकण्यासाठी केला जातो का, वॉर्डाची प्रमुख चांगली व्यवस्थापक आणि चांगली नेता आहे का, चांगल्या कामाचे कौतुक होते का, आणि वाद डॉक्टरांशी असला तरी ती आपल्या परिचारिकेच्या निर्णयामागे उभी राहते का, इतकेच त्यात विचारलेले असते. या विषयावरील पुस्तकांचे कपाट भरेल एवढे लेखन झाले असले, तरी त्याचे सार या पाच प्रश्नांत सापडते.

नेतृत्वाच्या तऱ्हा

नेतृत्वाची जी वर्गवारी या अभ्यासांत वापरली जाते ती मूळची राजकारणाच्या अभ्यासातील आहे. इतिहासकार जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये देवाणघेवाणीचे नेतृत्व आणि परिवर्तनशील नेतृत्व असा भेद केला. बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये तो संस्थांना लागू केला. 'काम करा, मोबदला घ्या. चुकलात तर मेमो घ्या' ही पहिली तऱ्हा. कामामागचा हेतू पटवून देणे, प्रत्येकीची कुवत ओळखून तिला वाढविणे, स्वतःच्या वागण्यातून उदाहरण घालून देणे ही दुसरी. बास यांनी यात तिसऱ्या, म्हणजे नेतृत्वच न करण्याच्या तऱ्हेचीही भर घातली. निर्णय टाळणारी, वाद झाला की 'तुमचे तुम्ही मिटवा' म्हणून स्टोअररूममध्ये जाऊन बसणारी प्रमुख या वर्गात मोडते. कडक प्रमुखाविषयी तक्रारी अधिक ऐकू येतात हे खरे. पण असमाधानाशी या तिसऱ्या तऱ्हेचे नाते अतिशय घट्ट असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या ग्रेटा कमिंग्ज यांनी या साऱ्या संशोधनाची दोन वेळा छाननी केली. २०१० मध्ये त्यांनी ५३ अभ्यास तपासले आणि २०१८ मध्ये ही संख्या १२९ वर गेली. दुसऱ्या छाननीत ५२ अभ्यासांनी माणसांना आणि परस्परसंबंधांना महत्त्व देणाऱ्या नेतृत्वाची सांगड परिचारिकांच्या वाढत्या समाधानाशी घातली होती, तर केवळ काम उरकण्यावर भर देणाऱ्या नेतृत्वाखाली समाधान घटल्याचे १६ अभ्यासांत दिसले होते. कमिंग्ज यांचेच आणखी एक काम उल्लेखनीय आहे. १९९० च्या दशकात अल्बर्टा प्रांतातील रुग्णालयांची मोठ्या प्रमाणावर पुनर्रचना होऊन पदे कमी करण्यात आली होती. त्या काळातील ६,५२६ परिचारिकांच्या माहितीचा अभ्यास त्यांनी केला. समजून घेणाऱ्या, संवाद राखणाऱ्या प्रमुखांच्या हाताखाली काम केलेल्या परिचारिकांना या उलथापालथीची झळ तुलनेने कमी लागली होती. संकट टाळणे प्रमुखाच्या हाती नव्हते. ते कसे सोसले जाईल हे काही अंशी होते.

मात्र या संशोधनाची एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. बहुतेक पाहण्या एकाच वेळी, एकाच प्रश्नपत्रिकेत, एकाच परिचारिकेला तिच्या प्रमुखाविषयी आणि तिच्या समाधानाविषयी विचारतात. जी मुळातच आनंदी आहे ती प्रमुखालाही चांगले गुण देणार, आणि घरच्या विवंचनेने त्रासलेली परिचारिका दोन्हींकडे कमी गुण देणार. म्हणूनच 'नेतृत्वामुळे समाधान इतके टक्के वाढते' अशी विधाने व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत कितीही आत्मविश्वासाने केली जात असली, तरी ती जपूनच ऐकलेली बरी.

आभार आणि अपमान

मोठ्या आकड्यांपेक्षा कधीकधी लहान अभ्यास अधिक सांगून जातो. अमेरिकेतील डोना मॅक्नीस-स्मिथ यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी केवळ ३० परिचारिकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. प्रमुखाच्या कोणत्या वागण्याने समाधान वाटते, या प्रश्नाला मिळालेली उत्तरे साधी होती. ती कामाची दखल घेते आणि आभार मानते, घरची अडचण समजून घेते, अडले तर मार्ग दाखविते, सर्वांना एकत्र धरून ठेवते. असमाधानाची कारणेही तितकीच साधी होती. दखल न घेणे, सांगितलेल्या तक्रारीचा पाठपुरावा न करणे, आणि ऐन आणीबाणीत मदतीला न येता दोष देत उभे राहणे.

यातील शेवटचे कारण कोणत्याही वॉर्डात चटकन ओळखता येईल. रुग्णाची प्रकृती एकाएकी बिघडली आहे, एक परिचारिका छाती दाबते आहे, दुसरी सलाईनसाठी शीर शोधते आहे, आणि तेवढ्यात आलेली प्रमुख इमर्जन्सी ट्रे अर्धवट का भरला म्हणून सर्वांसमोर बोलते. ट्रे खरोखरच अर्धवट असेल, बोलणे रास्तही असेल. पण वेळ चुकलेली असते, आणि समोर नातेवाईक, निवासी डॉक्टर, मावशी, वॉर्डबॉय असे सगळेच असतात. तोच मुद्दा दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दार लावून सांगितला तर ट्रेही भरलेला राहतो आणि परिचारिकेची मानही खाली जात नाही.

चुकांच्या हाताळणीवर सर्वांत लक्षवेधी प्रकाश टाकला तो एमी एडमंडसन यांनी. रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा मोठा अभ्यास १९९० च्या दशकात अमेरिकेत सुरू होता. एडमंडसन तेव्हा हार्वर्डमध्ये संशोधन करीत होत्या. दोन रुग्णालयांतील आठ विभागांत त्यांनी परिचारिकांचा आपसातील मेळ आणि विभाग प्रमुखाचे नेतृत्व तपासले. जेथे नेतृत्व चांगले तेथे चुका कमी आढळतील, अशी अपेक्षा होती. आकडे मात्र उलटे निघाले. ज्या विभागांना नेतृत्वासाठी अधिक गुण मिळाले होते तेथेच चुकांची नोंद जास्त होती! मग या निष्कर्षांची कल्पना नसलेल्या एका सहायकाला प्रत्यक्ष विभागांत पाठवून निरीक्षणे आणि मुलाखती घेण्यात आल्या, तेव्हा उलगडा झाला. चांगल्या विभागांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. प्रमुख चुकीबद्दल शिक्षा करणार नाही, हे ठाऊक असल्याने परिचारिका चुकीची मात्रा दिली गेल्याचे किंवा जाता जाता राहिल्याचे बोलून दाखवीत. इतरत्र मात्र चूक सांगणे म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे होते. साहजिकच तेथे नोंदवही स्वच्छ होती. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आज व्यवस्थापनशास्त्रात सर्वत्र सांगितला जातो. त्याचा उगम परिचारिकांच्या वॉर्डात आहे, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

आपल्याकडे एखाद्या चुकीनंतर पहिली कृती असते ती 'खुलासा' मागविण्याची. लेखी खुलाशाला प्रशासकीय कारणे आहेत, आणि काही प्रसंगी तो टाळताही येत नाही. परंतु इंजेक्शनच्या वेळेत झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा यांना एकच कागद लावला, तर परिचारिका पुढच्या वेळी काय शिकते? ती गप्प राहायला शिकते. हे गप्प राहणे समाधानाच्या कोणत्याही व्याख्येत बसणारे नाही.

लेक यांच्या मोजपट्टीतील डॉक्टरांशी वादाचे विधान भारतीय वॉर्डात तर फारच मोलाचे ठरते. तोंडी दिलेल्या औषधाच्या आदेशाची केस पेपरवर सही मागणारी अधिपरिचारिका नियमाने वागत असते. पण घाईत असलेल्या वरिष्ठ डॉक्टरांना तो उद्धटपणा वाटतो. अशा वेळी परिसेविका 'सर, सही लागेलच' असे शांतपणे म्हणते, की 'तुला कळत नाही का, सरांना काय विचारतेस' असे म्हणते, यावर त्या मुलीचे पुढचे कित्येक महिने ठरतात. नातेवाइकांच्या दमदाटीचेही तसेच. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्तींवरील हिंसाचार रोखणारा कायदा आहे आणि परिचारिकांनाही त्याचे संरक्षण आहे. कायद्याचे कलम लागू होईपर्यंत पहिली पाच मिनिटे मात्र शेजारी कोण उभे राहिले, हेच लक्षात राहते.

पाळ्यांचा हिशेब

पुन्हा ड्युटी लिस्टकडे वळायला हवे, कारण नेतृत्वाची खरी परीक्षा तेथे होते. परिचारिकांच्या कुजबुजीत सर्वाधिक वाटा पाळ्यांचा असतो, आणि तीत बहुधा 'जास्त काम' यापेक्षा 'तिला कमी' हे शल्य मोठे असते. कोणाच्या वाट्याला दर दिवाळीत रात्रपाळी येते, कोणाला रविवारची सुट्टी हमखास मिळते, दुपारपाळी संपवून दुसऱ्या दिवशी पहाटे घर सोडायला कोणाला लागते, याचा हिशेब प्रत्येकीच्या डोक्यात पक्का असतो. माणसे कठोर निर्णय पचवितात, निर्णयाची पद्धत उघड आणि सर्वांना सारखी असली तर. मागणीची वही ठेवून प्रत्येकीला महिन्याला दोन तारखा आधी लिहू देणे, सणांच्या पाळ्यांची वर्षभराची फिरती नोंद भिंतीवर लावणे, आपसात पाळी बदलण्याची मुभा देणे, असे उपाय खर्चाचे नाहीत. परिचारिकांनी आपल्या पाळ्या आपणच ठरवाव्यात, हा प्रयोग इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकातच झाला होता. सर्वत्र तो यशस्वी होतो असे नाही. मनुष्यबळ अपुरे असले की आपसात ठरविण्यासारखे उरतेच काय?

मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत केरळमधून आलेल्या परिचारिकांची संख्या मोठी आहे. त्यांच्या बाबतीत सुट्टीचा अर्थ आणखी वेगळा होतो. एक दिवसाची साप्ताहिक सुट्टी त्यांना घरी नेऊ शकत नाही. रेल्वेच्या प्रवासातच जाऊन-येऊन दोन-तीन दिवस जातात. चार सुट्ट्या जोडून देणारी प्रमुख त्यांच्यासाठी पगारवाढीइतकी मोलाची असते. कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मे २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, मणिपूर आणि अन्य राज्यांतील तीनशेहून अधिक परिचारिका नोकरी सोडून आपापल्या गावी परतल्या. घरची ओढ आणि संसर्गाची भीती यांबरोबरच वेतन आणि वागणुकीच्या तक्रारीही त्या वेळी पुढे आल्या होत्या. एवढ्या संख्येने निघून जाणाऱ्या परिचारिकांना थोपविणे कोणा एका वॉर्ड प्रमुखाच्या आवाक्यातले नव्हते.

नेतृत्वाच्या मर्यादा सांगणारे संशोधनही तितकेच ठोस आहे. एकन यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालये, १०,१८४ परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रुग्ण यांच्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे. परिचारिकेवर सोपविलेल्या रुग्णांत एकाची भर पडली की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी, परिचारिकेला मानसिक थकवा येण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीविषयी असमाधान वाटण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. सार्वजनिक रुग्णालयांच्या रात्रपाळीत एका परिचारिकेवर तीस-चाळीस रुग्ण असणे हे मात्र मुळीच अपवादात्मक चित्र नाही. तेथे प्रमुखाने कितीही गोड शब्दांत आभार मानले, तरी सकाळी पाय सुजलेलेच असतात.

कॅनडातील डायन डोरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दुसरी मर्यादा दाखविली. प्रमुखाच्या हाताखालील माणसांची संख्या फार वाढली की चांगल्या नेतृत्वाचा समाधानावरील परिणाम क्षीण होतो. प्रमुख कितीही कुशल असली तरी ती सत्तर-ऐंशी जणींची अडचण ओळखू शकत नाही. एकाच परिसेविकेकडे दोन-दोन वॉर्डांचा 'अतिरिक्त कार्यभार' सोपविण्याच्या आपल्याकडील प्रथेला हा निष्कर्ष नेमका लागू पडतो.

वेतनाचा प्रश्नही बाजूला सारता येत नाही. २०११-१२ मध्ये मुंबई, दिल्ली आणि केरळमधील खासगी रुग्णालयांत परिचारिकांची आंदोलने झाली, तेव्हा अपुरे वेतन, सेवाबंध आणि अडवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे या मुख्य तक्रारी होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला किमान २० हजार रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली. तिची अंमलबजावणी राज्यांवर सोडण्यात आली. महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये शासकीय परिचारिका संपावर गेल्या त्या बाह्य संस्थेमार्फत होणाऱ्या भरतीच्या विरोधात. हर्झबर्ग यांच्या भाषेत सांगायचे तर ही असमाधानाची कारणे आहेत आणि ती दूर करण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची व शासनाची आहे. 'नेतृत्व विकास शिबिर' हा त्यांना पर्याय होऊ शकत नाही. तसा तो पुढे केला जातो तेव्हा परिचारिकांना त्यामागचा हेतू बरोबर कळतो.

किल्ल्या आणि वह्या

परिसेविका नेतृत्व केव्हा करणार, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. सकाळची ओव्हर घेऊन झाली की तिच्यामागे औषधांचे इंडेंट, चादरींची मोजणी, डेडस्टॉकची नोंद, आहाराचा तक्ता, बिघडलेल्या सक्शन मशीनचा पाठपुरावा, भरती-डिस्चार्जचे आकडे आणि आता त्याच माहितीची संगणकात पुन्हा नोंद, अशी कामांची रांग लागते. एक कात्री कमी भरली तरी उत्तर तिने द्यायचे. दोन परिचारिका गैरहजर असल्या की तिनेच इंजेक्शनची ट्रॉली ढकलायची. नव्या मुलीला शेजारी उभे राहून काही शिकवावे, एखादीचा उतरलेला चेहरा पाहून काय झाले असे विचारावे, यासाठी वेळ उरतो तो राऊंड संपल्यानंतरचा, म्हणजे बहुधा उरतच नाही. परिसेविका चिडचिडी का असते, याचे उत्तर पुष्कळदा तिच्या स्वभावाऐवजी तिच्या टेबलावर सापडते.

ही अडचण केवळ भारतातील नाही. इंग्लंडमध्ये १९६६ च्या सॅमन समितीच्या अहवालानंतर पारंपरिक मेट्रनचे पद मोडीत निघाले आणि त्या जागी व्यवस्थापकांची श्रेणीबद्ध रचना आली. वॉर्डात कोणाचाच वचक आणि आधार राहिला नाही, अशी ओरड पुढे इतकी वाढली की २००१ पासून 'आधुनिक मेट्रन' नव्याने नेमाव्या लागल्या. त्यानंतरही मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णालयातील रुग्णांची भीषण हेळसांड उजेडात आली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशी अहवालाने २०१३ मध्ये केलेल्या २९० शिफारशींपैकी एक वॉर्ड प्रमुखाविषयी होती. तिला कार्यालयात अडकवून ठेवू नये, आणीबाणी वगळता परिचारिकांच्या संख्येतही धरू नये, तिचे काम वॉर्डात राहून देखरेख करण्याचे आणि मार्गदर्शनाचे असावे, असा तिचा आशय होता.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये परिचर्येवर लिहिलेल्या आपल्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण व्यवस्थापनातील बारीकसारीक गोष्टींना वाहिले आहे. आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही कसे होईल याची तजवीक करणे, हा त्यांच्या लेखी प्रमुखाच्या कामाचा गाभा होता. आपल्याकडे परिचर्येच्या अभ्यासक्रमात वॉर्ड व्यवस्थापन हा विषय अखेरच्या टप्प्यात शिकविला जातो. परीक्षा देणारी मुलगी तेव्हा विशीत असते. परिसेविकेची बढती बहुतांशी सेवाज्येष्ठतेने मिळते, आणि ती हाती येईपर्यंत अनेकदा पंधरा-वीस वर्षे उलटलेली असतात. या दोहोंच्या मधे माणसे कशी सांभाळावीत, याचे शिक्षण ज्या प्रमुखांच्या हाताखाली तिने काम केले त्यांच्याकडून जे चांगले-वाईट मिळाले असेल तेवढेच. आदेश निघतो, औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या आणि डेडस्टॉकची वही ताब्यात घेतल्याची सही होते, आणि त्याच आठवड्यात पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट तिला करायची असते.